रकाना झाका, नाव शोधत बसू नका: लसीकरणाच्या नोंदींवर काळी पट्टी मारणाऱ्या साधनांचं परीक्षण

निकाल आधीच सांगून टाकू. हातानं भरलेल्या लसीकरण नोंदवहीसाठी कुठलंही सॉफ्टवेअर नको. झेरॉक्स मारताना पानावर लावलेली पुठ्ठ्याची पट्टी सगळ्यांत भरवशाची. संगणकावर तयार झालेल्या पीडीएफसाठी पैसे असतील तर ॲक्रोबॅट प्रो घ्या, नसतील तर लिब्रेऑफिसमध्ये हातानं आयत आखून भागतं. आणि ‘एआय आपोआप नावं शोधून काळी करतो’ या जातीची साधनं, त्यातलं सगळ्यांत प्रामाणिक असलेलं प्रेसिडिओ धरूनसुद्धा, मराठी आरोग्य नोंदींवर एकटी सोडावीत अशी आज तरी नाहीत.

हे परीक्षण दोघांच्या कामाचं आहे. एक, तालुका आरोग्य कार्यालयात माहिती अधिकाराचे अर्ज हाताळणारा लिपिक. दुसरा, जिंतूर, औसा किंवा अंबडमध्ये बसून त्याच नोंदी मागणारा आणि मिळाल्यावर लोकांपुढे मांडणारा कार्यकर्ता किंवा पत्रकार. काळं करण्याची जबाबदारी दोघांवरही येते. अर्जदाराच्या हातात कधीकधी न झाकलेली पानं पडतात, आणि ती तशीच गटावर टाकली की एखाद्या लेकराचं नाव, आईचा मोबाईल आणि जात गावभर होते.

कायदा थोडक्यात, कारण साधन निवडताना तो लागतो. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी चाळण्या होत्या: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, खासगीपणावर अवाजवी घाला पडतो का, मोठं लोकहित आहे का. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ च्या कलम ४४(३) नं त्या काढून टाकल्या आणि ही दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आता तिथे ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढंच उरलंय. लसीकरणाच्या वहीत नावं असतातच, त्यामुळे अख्खी वही नाकारायला हे कलम पुरतं असं कुणाही अधिकाऱ्याला वाटू शकतं. पण कलम ८(२) मधलं लोकहिताचं दार उघडं आहे, आणि कलम १० तर जसंच्या तसं आहे: देता न येणारा भाग वेगळा करता येत असेल तर उरलेला द्यायचा. म्हणजे काळी पट्टी नीट मारता येणं हीच माहिती मिळण्याची अट होऊन बसली आहे. कलम १०(२) नुसार सोबत पत्रही लागतं. त्यात कोणता भाग का वगळला, निर्णय घेणाऱ्याचं नाव व हुद्दा, शुल्काचा हिशेब आणि दाद मागण्याचा हक्क हे सगळं यायला हवं. पत्राविना नुसती काळी पानं आली की पहिल्या अपिलाचा मुद्दा तयार.

कोणत्या कागदाला पट्टी लागतच नाही

साधनांकडे वळण्याआधी हे बघा, कारण निम्मं काम इथेच वाचतं. लस साठा नोंदवहीत लसीचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, आलेल्या आणि दिलेल्या मात्रा, कुपीवरच्या व्हीव्हीएमची (उष्णतेनं रंग बदलणाऱ्या खुणेची) अवस्था एवढंच असतं. त्यात लाभार्थी कुठेच नाही. आयएलआर (लसी ठेवायचा खास फ्रिज) आणि डीप फ्रीजरच्या तापमान वहीत सकाळ-संध्याकाळचे आकडे असतात. आयएलआरचे २ ते ८ अंशांच्या आत असायला हवेत. सत्रांचा सूक्ष्म आराखडा म्हणजे कोणत्या गावाला कोणत्या वारी सत्र, कोणती आरोग्य सेविका. टॅली शीट म्हणजे दिलेले डोस मोजायच्या नुसत्या रेघा. यात लाभार्थ्याची वैयक्तिक माहिती नाही, म्हणून कलम ८(१)(ञ) चिकटायला नको.

आणि बहुतेक वेळा ज्याला खरं काही तपासायचं असतं त्याला हेच कागद हवे असतात. वीज गेल्यावर आयएलआरचं तापमान किती वेळ वर राहिलं, मुदत संपत आलेली बॅच कोणत्या उपकेंद्राला गेली, गोवर-रुबेलाची कुपी पाण्यात मिसळल्यावर ४ तासांत संपवली की दुसऱ्या दिवशीच्या सत्रात दिसते, हे सगळं लाभार्थ्याचं नाव न घेता कळतं. पेंटाव्हॅलंट आणि पोलिओच्या थेंबांची उघडलेली कुपी अटी पाळून २८ दिवस चालते, बीसीजी आणि गोवर-रुबेलाची चालत नाही. जिथे ‘उघडल्याची तारीख’ लिहिलेली असेल तिथे ती आणि सत्राची तारीख शेजारी ठेवली की पुरे.

अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून साठा, तापमान आणि लसीनंतरच्या त्रासाच्या नोंदी एकाच अर्जात कोंबू नका. पानाला २ रुपये. पाहणीचा पहिला तास फुकट, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. काळं करण्याच्या मजुरीचा रकाना नियमांत नाही, तेव्हा तसं बिल आलं तर कोणत्या नियमानं ते लिहून मागा. मजकूर साधारण असा:

‘प्राथमिक आरोग्य केंद्र अमुक येथील दिनांक अमुक ते तमुक या काळातील लस साठा नोंदवहीच्या सर्व पानांच्या छायाप्रती द्याव्यात. बालकांची व पालकांची नावे, पत्ते, मोबाईल व ओळख क्रमांक नको आहेत; ते असल्यास कलम १० नुसार वगळून उर्वरित भाग द्यावा.’

‘नको आहेत’ हे दोन शब्द महत्त्वाचे. वैयक्तिक माहिती मागितलीच नाही म्हटल्यावर नाकारायला कारण उरत नाही. ‘किती मुलं वेळेवर लसवंत झाली याची टक्केवारी काढून द्या’ असं मात्र मागू नका. जी माहिती कार्यालयात तशा रूपात नाही ती तयार करून देण्याचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालात सांगितलंय. मूळ पानं मागा, हिशेब आपण करा.

अर्ज कुठे हेही बघा. ग्रामीण केंद्रांच्या नोंदी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड-वाघाळा आणि लातूर शहरांच्या महापालिकेकडे. जिल्हा रुग्णालयातल्या लसीकरणाच्या जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) खाली ५ दिवसांत पुढे पाठवायचा असतो, पण जातात ते दिवस जातातच.

पुठ्ठ्याची पट्टी

आता नावांच्या वहीकडे. आरसीएच (माता-बाल आरोग्य) नोंदवहीत बालकाचं नाव, आई-वडील, पत्ता, मोबाईल, जन्मतारीख, सामाजिक प्रवर्ग आणि मग बीसीजीपासून डीपीटी बूस्टरपर्यंत डोसांच्या तारखा असतात. अक्षर सिस्टरांचं, घाईतलं. टेसरॅक्टसारखं फुकट ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर) छापील देवनागरी बऱ्यापैकी वाचतं, हस्ताक्षर वाचत नाही. जे वाचताच येत नाही त्यातलं नाव सॉफ्टवेअर कसं शोधणार?

पण छापील वहीचा एक मोठा गुण असा की रकाने पानागणिक त्याच जागी असतात. फाइलच्या जुन्या पुठ्ठ्याची पट्टी कापा, झाकायच्या रकान्यांपेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा सेंटिमीटर रुंद. वरच्या टोकाला दुमडून पानालाच क्लिपनं लावा. काचेवर पट्टी ठेवून त्यावर वही पालथी घातली तर जाड वही शिवणीपाशी उचलली जाते आणि रकाना सरकतो. नाव अर्धं बाहेर येतं. पानामागे काळा कागद सरकवा, म्हणजे मागच्या पानाची शाई पुढे उमटत नाही. पट्टी काळ्या पुठ्ठ्याची असावी. पांढरी लावली तर इथे काही झाकलंय हे वाचणाऱ्याला कळतच नाही. जिथे ओळखीचे रकाने डाव्या पानावर आणि डोस उजव्या पानावर असतील तिथे तर पट्टीही नको. अनुक्रमांकासह उजवं पान द्या, झालं.

मार्कर वापरायचाच असेल तर मूळ वहीवर कधीच नाही, तो सरकारी अभिलेख आहे. झेरॉक्सवर मारा, त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा आणि दुसरीच प्रत द्या. मार्करखालची बॉलपेनची शाई रंगीत स्कॅनमध्ये ब्राइटनेस वाढवला की सहज वर येते.

पट्टीची उणीव एकच: नावं रकान्याबाहेर गेलेली असतात. ‘शेरा’ रकान्यात ‘आजीकडे सोनपेठला, नंबर अमुक’ असं सिस्टरांनी लिहिलेलं असतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या ओळीत तर मुकादमाचा नंबरही सापडतो. शेरा रकाना डोळ्यांनी वाचावाच लागतो.

लिब्रेऑफिस

फुकट, ऑफलाइन, म्हणून सरकारी कार्यालयासाठी सोयीचं. कुणाच्या तरी संकेतस्थळावर फाइल चढवून ‘फ्री रिडॅक्ट’ (फुकटात काळं) करण्याचा मोह टाळायला एवढं कारण पुरेसं आहे. ६.३ आवृत्तीपासून टूल्स मेन्यूत रिडॅक्ट आहे, ६.४ पासून ऑटो-रिडॅक्ट. त्यात शब्दांची किंवा नमुन्यांची यादी द्यायची, ती जतन करून पुढच्या फाइलला लावता येते. शेवटी रिडॅक्टेड एक्स्पोर्ट, काळा किंवा पांढरा.

सगळ्यांत चांगली गोष्ट म्हणजे बाहेर पडणाऱ्या पीडीएफचं प्रत्येक पान चित्र होतं. पट्टीखाली मजकूर उरतच नाही. किंमत अशी की आकडे शोधता किंवा कॉपी करता येत नाहीत, आणि अंधांच्या स्क्रीन रीडरला ते पान मुकं होतं. तापमानाचे आकडे असे चित्रात बंद करणं चुकीचंच, तिथे हे वापरू नका.

रायटरमध्ये लिहिलेल्या पत्रांवर, आदेशांवर, बैठकीच्या इतिवृत्तांवर ऑटो-रिडॅक्ट चांगलं चालतं. बाहेरून आलेल्या मराठी पीडीएफवर नाही. ती रायटरऐवजी लिब्रेऑफिसच्याच ड्रॉमध्ये उघडते, ओळींचे तुकडे होतात, फॉन्ट बदलला की जोडाक्षरं फुटतात, आणि ‘शिंदे’ शोधलं तर सापडत नाही कारण आतमध्ये ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या आधी जाऊन बसलेली असते. साधन ‘काही सापडलं नाही’ म्हणतं आणि लिपिकाला वाटतं की फाइल स्वच्छ आहे.

त्याहून वाईट म्हणजे जुने फॉन्ट. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-सुरेखमध्ये टाइप केलेल्या परिपत्रकाच्या मजकुरात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी चिन्हांचा कचरा असतो. पडद्यावर फक्त फॉन्टमुळे मराठी दिसतं. कोणतंही शोध-आधारित साधन इथे आंधळं. ओळखायला सोपं आहे: एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी दिसलं नाही तर पान ३०० डीपीआयला चित्र करा आणि आयत आखून हातानं झाका.

ॲक्रोबॅट प्रो

सशुल्क, वर्गणीचं. तालुका पातळीवर घ्यावं असं नाही, जिल्हा पातळीवर एक परवाना शोभतो. आपल्या कामाची तीन वैशिष्ट्यं आहेत. पहिलं, ‘रिपीट मार्क अक्रॉस पेजेस’: एका पानावर रकान्याभोवती आयत आखायचा आणि तोच सगळ्या पानांवर लावायचा. एकाच साच्यातून निघालेल्या याद्यांवर, म्हणजे ड्यू लिस्टवर (डोस बाकी असलेल्या बालकांच्या यादीवर), हे काही मिनिटांचं काम होतं. दुसरं, पट्टीवर मजकूर छापता येतो आणि स्वतःचा संकेतसंच बनवता येतो. ‘८(१)(ञ)’ आणि व्यापारी गुपितांसाठी ‘८(१)(घ)’ असे दोन संकेत करून ठेवा. कलम १०(२) चं पत्र निम्मं तिथेच लिहून होतं. तिसरं, ‘सॅनिटाइझ’, जे लपलेले थर, शेरे, जोडलेल्या फाइली, बुकमार्क काढतं.

खोट कुठे येते? खुणा करून ‘अप्लाय’ न दाबताच फाइल जतन केली जाते. खुणा दिसतात, मजकूर शाबूत असतो. तयार नमुन्यांत फोन, ईमेल, तारखा आहेत, पण आधार नाही. आणि तारखांचा नमुना निवडलात तर डोसांच्या सगळ्या तारखा काळ्या होतील. मग त्या पानाचा उपयोग काय?

बुकमार्क काढणं ही किरकोळ बाब नाही. युरोपीय आयोगानं २९ जानेवारी २०२१ ला ॲस्ट्राझेनेकाबरोबरचा लसखरेदी करार काळ्या पट्ट्या मारून प्रसिद्ध केला. झाकलेल्या मजकुरातला बराचसा भाग पीडीएफच्या बुकमार्क यादीत उघड वाचता येत होता, ८७ कोटी युरोच्या रकमेसकट. पट्ट्या मारणारे तिथे वकील होते, तालुक्याचा लिपिक नव्हता.

फाइल एक्सेलची असेल तर पट्टी नकोच, रकाना डिलीट करा. ‘हाइड’ म्हणजे डिलीट नव्हे. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी ऑगस्ट २०२३ मध्ये माहिती अधिकाराच्याच एका उत्तरात एक्सेल फाइल दिली, तिच्यात एक लपलेलं पान राहिलं आणि साडेनऊ हजारांच्या आसपास पोलीस-कर्मचाऱ्यांची नावं बाहेर गेली. पिव्हट टेबलही असंच फसवतं, त्याच्या पोटात मूळ यादी राहते. सुरक्षित वाट: हवे ते रकाने निवडून नव्या कोऱ्या फाइलमध्ये फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा आणि सीएसव्ही म्हणून द्या. सीएसव्हीत लपायला जागा नसते.

प्रेसिडिओ आणि मराठी नावं

मायक्रोसॉफ्टचं हे साधन फुकट आणि खुलं आहे, पायथनमध्ये चालतं, संगणकावरच राहतं. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट असे भारतीय ओळखक तयार मिळतात. ‘सगळी संवेदनशील माहिती सापडेलच अशी हमी नाही’ हे ते स्वतःच सांगतं, म्हणून वर प्रामाणिक म्हटलं. मराठीसाठी मात्र बरंच शिवून घ्यावं लागतं.

नावं ओळखायला पुण्याच्या एल-थ्री-क्यूबचं महानेर किंवा आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारतचं इंडिकनेर जोडता येतं. महानेरच्या मागे हातानं खुणा केलेली २५,००० मराठी वाक्यं आहेत, काम चोख आहे. पण ती वाक्यं बातम्यांतली. नोंदवहीच्या चौकटीत वाक्य नसतं, नुसतं ‘सुनीता भ्र. बालाजी’ असतं. आपल्याकडचे ‘भ्र.’ (भ्रतार, नवरा) आणि ‘पि.’ (पिता), ‘शेख’पुढचा ‘म.’, आडनावाविना लिहिलेलं तांड्यावरचं नाव, यांवर मॉडेल अडखळतं. उलट ‘पूर्णा’ हा परभणी जिल्ह्यातला तालुका त्याला बाई वाटू शकतो, आणि ‘जिंतूरकर’, ‘औसेकर’, ‘देगलूरकर’ यांत गाव संपतं कुठे आणि माणूस सुरू होतो कुठे हे मशीनला काहून कळावं? परिणाम दुहेरी होतो: नाव राहतं आणि उपकेंद्राचं गाव काळं होतं. गाव गेलं की ती बॅच कुठे गेली हेच कळत नाही.

उपाय म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची, उपकेंद्रांची, लसींची यादी ‘अलाऊ लिस्ट’मध्ये (झाकायचे नाहीत अशा शब्दांत) घाला. नेहमीची आडनावं ‘डिनाय लिस्ट’मध्ये (झाकायच्याच शब्दांत). दोन्हींत अक्षरांची रूपं एकसारखी करून घ्या, कारण ‘ॲ’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो आणि दिसायला एकच असला तरी मशीनला वेगळा.

आकड्यांचा घोटाळा याहून धोक्याचा आहे. आधार १२ अंकी, आणि शेवटचा अंक व्हेरहॉफ नावाच्या तपासणीचा. प्रेसिडिओचा ओळखक ही तपासणी करतो आणि न जुळणारा क्रमांक सोडून देतो. इंग्रजी छापील कागदावर हे ठीक. पण ओसीआरनं एक अंक चुकीचा वाचला, ३ चा ८ केला, की खरा आधार तपासणीत नापास होतो आणि उघडा राहतो; माणसाला तो चित्रात स्पष्ट दिसत असतो. आरसीएच क्रमांकही १२ अंकी, तो आधार नसल्यामुळे बहुतेक वेळा असाच सुटतो, आणि तोही ओळख पटवणाराच आहे. शिवाय नमुना इंग्रजी अंकांसाठी लिहिलेला असेल तर ‘९८’नं सुरू होणारा देवनागरीतला मोबाईल त्याला दिसतच नाही.

म्हणून इथे हुशारी बंद करा. सलग १० ते १४ अंक, मध्ये मोकळी जागा किंवा डॅश असो वा नसो, दोन्ही लिप्यांत, तपासणी न करता काळे. मोबाईल १०, आधार व आरसीएच १२, आभा (डिजिटल आरोग्य खातं) आणि कोविनचा लाभार्थी संदर्भ क्रमांक १४, सगळे यात येतात. बॅच क्रमांकाचा रकाना तेवढा आधी बाजूला काढा.

इतकं सगळं केल्यावर उरतं ते पुन्हा रकाना झाकणंच, फक्त लांबच्या वाटेनं. प्रेसिडिओचा खरा उपयोग दुसऱ्या फेरीत आहे: रकाने हातानं झाकून झाल्यावर शेरे आणि पत्रव्यवहार यांत काही राहिलं का हे शोधायला. पहारेकरी म्हणून उत्तम, मुखत्यार म्हणून नको.

पायमूपीडीएफ हे पायथनमधलं पीडीएफचं साधनही कार्यालयात कुणाला पायथन येत असेल तर बघण्यासारखं आहे. रकान्याचे निर्देशांक एकदा मोजले की शेकडो पानं एका फटक्यात. खूण करणं आणि लागू करणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत, दुसरी विसरू नका. आणि इन्क्रिमेंटल सेव्ह करू नका, त्यात जुनी आवृत्ती फाइलच्या आतच राहते.

नाव गेलं तरी माणूस उरतो

दोन ठिकाणी साधन कोणतंही असो, डोकं लागतं. पहिलं कोविनचं प्रमाणपत्र. नाव, वय, लाभार्थी क्रमांक झाकला आणि कोपऱ्यातला क्यूआर तसाच राहिला तर काहीच झाकलं नाही, कारण त्या क्यूआरमध्ये प्रमाणपत्राचा मजकूर स्वाक्षरीसह भरलेला असतो. वाचायला साधा फोन आणि थोडं ज्ञान पुरतं. क्यूआर अर्धा झाकूनही चालत नाही. या चिन्हात चूक दुरुस्तीची सोय असते, काही भाग गेला तरी ते वाचलं जातं. पूर्ण चौकोन काळा करा.

दुसरं, लहान वस्ती. एखाद्या तांड्यावर वर्षाला चार-पाच जन्म असतील तर ‘उपकेंद्र, मुलगी, जन्मतारीख’ एवढ्यावर शेजारीण लेकरू ओळखते. इथे जन्मतारखेऐवजी जन्ममहिना ठेवा, किंवा वस्तीऐवजी केंद्राची पातळी. डोसांच्या तारखा मात्र ठेवा. पेंटा सहा, दहा, चौदा आठवड्यांना मिळाली का हे महिन्यावरूनही ढोबळ कळतं.

लसीनंतरच्या त्रासाच्या, म्हणजे एईएफआयच्या, नोंदींना हीच रीत. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ च्या जेकब पुलियेल निकालात केंद्राला सांगितलं की संशयित त्रासाच्या तक्रारी लोकांना आणि खासगी डॉक्टरांना नोंदवता याव्यात, आणि वैयक्तिक तपशील न देता, वेगळा क्रमांक देऊन त्या सर्वांना पाहता याव्यात. अर्जात हा दाखला जोडा. जिल्हा एईएफआय समितीच्या इतिवृत्तात बॅच, लस, लक्षणं, निष्कर्ष राहू द्या. नाव, गाव, रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक झाका. गाव झाकायचं ते इथेच, कारण अशी घटना गावात एकच असते.

पानं फार आहेत ही सबब किती खरी? अमेरिकेत फायझरच्या कोविड लसीच्या मंजुरीची कागदपत्रं मागितल्यावर तिथल्या एफडीएनं ओळ न ओळ तपासावी लागते म्हणून महिन्याला ५०० पानांची तयारी दाखवली होती. न्यायाधीश मार्क पिटमन यांनी जानेवारी २०२२ मध्ये महिन्याला ५५,००० पानं द्यायला सांगितलं. तिथे सवाल लाखो पानांचा होता. एका प्राथमिक आरोग्य केंद्राची वर्षाची बालक नोंदवही पट्टी लावून झेरॉक्स करायला एक माणूस आणि एक दिवस पुरायला हवा.

देण्याआधीची तपासणी

साधन कुठलंही वापरा, फाइल बाहेर जाण्याआधी हे करा. सगळं निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. झाकलेलं काही उमटलं तर फाइल परत. पीडीएफमधला मजकूर आणि चित्रं वेगळी काढणाऱ्या पॉपलरच्या आज्ञा चालवा. पट्टीखालचं मूळ चित्र शाबूत निघालं तर फाइल परत. बुकमार्क, शेरे, जोडलेल्या फाइली उघडून बघा. उरलेला कोणताही क्यूआर फोननं वाचून बघा. फाइलचं नाव वाचा, त्यातच लाभार्थ्याचं नाव असतं. फोननं काढलेल्या फोटोंच्या पोटात ठिकाणाचे निर्देशांक असतात, ते काढा. मग उलट बाजूनं: बॅच, मुदत, उपकेंद्र, डोसाची तारीख, पुरवठ्याची मात्रा यांपैकी काही चुकून काळं झालंय का ते मूळ पानाशी ताडा. ही दुसरी तपासणी सहसा कुणी करत नाही आणि अर्जदाराला निरुपयोगी कागद मिळतात ते त्यामुळेच.

अर्जदारानंही पानं आल्या दिवशी हेच ताडावं. बॅच किंवा तापमान काळं असेल तर ३० दिवसांच्या आत २० रुपयांचा स्टॅम्प लावून जोडपत्र ‘ब’ मध्ये पहिलं अपील, आणि त्यात पान क्रमांक व रकान्याचं नाव लिहून प्रत्येक पट्टीमागचं कलम मागावं. तिथेही न मिटल्यास ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे. सोबत काळ्या पानांची रंगीत प्रत जोडावी, साध्या झेरॉक्समध्ये कोणती पट्टी कार्यालयाची आणि कोणता डाग यंत्राचा हे कळत नाही.